शंभर यार्ड आणि त्यानंतर : ह्यूस्टन मॅक्टियरचं प्रकरण

९ मे १९७५. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या विंटर पार्क इथे छोट्या शाळांची राज्यस्तरीय मैदानी स्पर्धा चालू होती. शंभर यार्डांची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, लागली होती, अंतिम फेरी अजून व्हायची होती. बेकर नावाच्या खेड्यातल्या शाळेचा अठरा वर्षांचा, उंचीने बेताचा पण अंगाने पिळदार मुलगा ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय रोवायच्या ठोकळ्यांतून, सुटला. रेषेपाशी उभ्या असलेल्या टायमरांनी घड्याळं दाबली आणि वेळ निघाली ९.० सेकंद.

जागतिक विक्रमही तेवढाच होता. तो वर्षभरापूर्वी, ११ मे १९७४ ला, आयव्हरी क्रॉकेटने टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला केला होता. क्रॉकेट हा मुरलेला धावपटू, राष्ट्रीय स्पर्धांतून तावूनसुलाखून निघालेला. त्याची बरोबरी करणाऱ्या या शाळकरी मुलाचं नाव ह्यूस्टन मॅक्टियर.

मुलांना धावायला शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. बोल्टचे व्हिडिओ मुलं स्वतःच शोधून पाहतात, ते मी दाखवायची गरज पडत नाही. मॅक्टियरची गोष्ट मात्र मी त्यांच्या पालकांना सांगतो, कारण ती पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी ऐकायची आहे. अठराव्या वर्षी जगातल्या सर्वांत वेगवान माणसाइतका धावणारा हा मुलगा ऑलिंपिकमध्ये एकदाही धावला नाही. पुढे काही वर्षांनी तो कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर बेघर होऊन राहत होता. या दोन टोकांच्या मध्ये काय घडलं, कुठल्या वळणावर कोण त्याच्या सोबत असायला हवं होतं आणि नव्हतं, ते इथे नीट मांडून पाहायचं आहे.

मिलिगनचं घर

फ्लोरिडा म्हटलं की मायामीचा किनारा आणि डिस्नेची नगरी डोळ्यांपुढे येते. राज्याच्या वायव्य कोपऱ्यातला ओकालूसा परगणा त्यात कुठेच बसत नाही. पाइनची रानं, लाकूड कापायच्या गिरण्या, विखुरलेली वस्ती असा तो भाग. मॅक्टियरचा जन्म १२ फेब्रुवारी १९५७ चा. मिलिगन गावात, मोडकळीला आलेल्या एका झोपडीवजा घरात, भावंडांच्या मोठ्या गोतावळ्यात तो वाढला. वडील लाकडाच्या गिरणीत कामाला. गरिबी अशी की पुढे पत्रकार त्याच्या घरी जायला लागले तेव्हा धावण्याइतकंच त्यांनी त्या घराबद्दलही लिहिलं.

बेकरच्या शाळेत विल विलोबी नावाचे प्रशिक्षक त्याला लाभले. मोठ्या शहरातल्या शाळेत असतो तसा सरंजाम तिथे नव्हता. पण सुटण्याच्या क्षणी या मुलाच्या अंगात जे होतं ते कुणी शिकवून येत नाही. पहिल्या दहा पावलांतच तो इतरांना मागे टाकायचा. त्याला धावताना पाहिलेले लोक आजही आधी त्याच्या स्टार्टबद्दल बोलतात.

त्याच राज्यात, जॅक्सनव्हिलमध्ये, याआधी बॉब हेज झाला होता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण जिंकून हेज पुढे डॅलस काउबॉइज संघाकडून अमेरिकन फुटबॉल खेळला. त्या भागातल्या वेगवान पोरांपुढे रस्ता दिसायचा तो असा: आधी ट्रॅक, मग फुटबॉलचा पैसा. मॅक्टियरकडेही लोक याच नजरेने पाहत होते.

हाताच्या घड्याळाचा हिशेब

इथे थोडा तपशिलात जातो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. हातातल्या घड्याळावरचा विक्रम म्हटला की शंका येतेच.

हाताने वेळ घ्यायची पद्धत ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना तिच्यातली गोम ठाऊक असते. टायमर अंतिम रेषेपाशी उभा असतो. पिस्तुलाचा धूर दिसला की तो घड्याळ चालू करतो. धूर दिसणं आणि अंगठा दाबला जाणं यांत जवळपास पाव सेकंद जातो. शेवटी मात्र धावणारा समोरून येताना दिसतच असतो, त्यामुळे अंगठा आधीच तयार असतो आणि घड्याळ बरोबर वेळेवर, कधी किंचित आधीच, थांबतं. सुरुवातीला उशीर आणि शेवटी नाही, म्हणून हाताची वेळ नेहमी खऱ्या वेळेपेक्षा कमी भरते. शंभर मीटरसाठी हा फरक ०.२४ सेकंद धरायची पद्धत आहे. विक्रमासाठी तीन टायमर लागतात. दोघांची वेळ जुळली तर ती धरायची, तिघांची तीन वेगळी आली तर मधली धरायची.

शालेय स्पर्धांत मी स्वतः असा अंगठा घट्ट धरून कितीदा तरी उभा राहिलो आहे. एकाच मुलाची तीन घड्याळांवर तीन वेगळी टायमिंग निघताना पाहिली आहेत. त्यामुळे ९.० वाचल्यावर माझ्याही मनात आलं, खरंच का?

हिशेब करून पाहू. ९.० मध्ये ०.२४ मिळवले की ९.२४ होतात. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, म्हणजे शंभर मीटरला ८.५६ मीटर उरतात. ते त्या वेगात साधारण ०.८ ते ०.८५ सेकंदांत कापले जातात. बेरीज येते १०.०४ ते १०.०९. आता वर्षभर पुढे जाऊ. जून १९७६ मध्ये ऑरेगॉनमधल्या यूजीनच्या हेवर्ड फील्डवर ऑलिंपिकची निवड चाचणी झाली. तिथे शंभर मीटरच्या अंतिम फेरीत इलेक्ट्रॉनिक घड्याळावर मॅक्टियरची वेळ होती १०.१६. म्हणजे विंटर पार्कच्या घड्याळांनी थोडं औदार्य दाखवलं असेल, तरी पोराचा वेग खोटा नव्हता. तुलनेसाठी सांगतो, जमैकाच्या असाफा पॉवेलने २०१० मध्ये ऑस्ट्रावाला शंभर यार्ड इलेक्ट्रॉनिक घड्याळावर ९.०७ मध्ये धावून दाखवले. सिंथेटिक ट्रॅक, शास्त्रशुद्ध तयारी, एकेकाळचा विश्वविक्रमवीर, आणि अंतर पस्तीस वर्षांचं.

१९७६ नंतर आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स संघटनेने मैल सोडून यार्डांतल्या सगळ्या शर्यतींचे विक्रम नोंदवणं बंद केलं. १ जानेवारी १९७७ पासून चारशे मीटरपर्यंतच्या विक्रमांना इलेक्ट्रॉनिक वेळ सक्तीची झाली. हाताने घेतलेल्या वेळेचा, यार्डांतला हा आकडा दोन्हीकडून बंद झालेल्या खोलीत राहून गेला. आता तो मोडायला कुणी येणार नाही.

यूजीन, जून १९७६

त्या अंतिम फेरीचा निकाल पाहा. पहिला हार्वे ग्लान्स, १०.११. दुसरा ह्यूस्टन मॅक्टियर, १०.१६. तिसरा जॉनी जोन्स. ग्लान्स एकोणीस वर्षांचा, मॅक्टियर एकोणीस वर्षांचा, जोन्स अठरा वर्षांचा. अमेरिकेसारख्या देशाच्या ऑलिंपिक निवडीत शंभर मीटरचे पहिले तिघे विशीच्या आतले होते.

तिघेही दक्षिणेतल्या छोट्या गावांतून आलेले. ग्लान्स अलाबामातल्या फेनिक्स सिटीचा. जोन्स टेक्सासमधल्या लॅम्पासस गावचा. टेक्सासच्या शालेय जगात जोन्सची आख्यायिका त्याच वर्षी तयार झाली होती. राज्य स्पर्धेतल्या मैल रिलेत, म्हणजे चौघांनी मिळून एक मैल धावायच्या शर्यतीत, त्याच्या हातात बॅटन आलं तेव्हा त्याची शाळा खूप मागे पडली होती. एका फेरीत त्याने एकेक जण मागे टाकला आणि शर्यत जिंकून दिली. ती पाहणारे लोक म्हातारे झाले तरी तिच्याबद्दल बोलत राहिले.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा इथे आहे. एका रेषेवर तीन मुलं, वय जवळजवळ सारखं, वेग जवळजवळ सारखा, पार्श्वभूमीही फार वेगळी नाही. नशिबाने आपल्यापुढे एक तुलनाच मांडून ठेवली आहे. मॅक्टियरच्या आयुष्याचं काय झालं हे विचारताना उरलेल्या दोघांकडे पाहिल्याशिवाय उत्तर सापडत नाही.

माँट्रियलला जायच्या आधीच मॅक्टियरच्या मांडीच्या मागच्या स्नायूने, हॅमस्ट्रिंगने, दगा दिला. त्याच्या जागी स्टीव्ह रिडिक धावला. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण त्रिनिदादच्या हेस्ली क्रॉफर्डने १०.०६ मध्ये जिंकलं. जमैकाचा डॉन क्वारी दुसरा आला, सोव्हिएत संघाचा व्हालेरी बोर्झोव्ह १०.१४ मध्ये तिसरा. ग्लान्स १०.१९ ला चौथा, जोन्स सहावा. मॅक्टियरची यूजीनची वेळ बोर्झोव्ह आणि ग्लान्स यांच्या मध्ये बसते. ४ × १०० मीटर रिलेत ग्लान्स, जोन्स, मिलर्ड हॅम्पटन आणि रिडिक यांनी ३८.३३ मध्ये सुवर्ण जिंकलं. रिडिकने शेवटचा टप्पा धावला. एरवी त्या चौघांत मॅक्टियर असता.

हॅमस्ट्रिंग

वेगवान धावपटूंचा हा स्नायू का फाटतो हे पालकांना सांगितलं पाहिजे, म्हणून थांबतो. पाय पुढे झेपावतो, गुडघा सरळ व्हायला लागतो आणि पाऊल जमिनीला टेकायच्या बेतात असतं. त्या क्षणी मांडीमागचा स्नायू ताणला जात असतानाच पायाला आवर घालत असतो. ताण आणि आकुंचन एकाच वेळी. पूर्ण वेगात हे सेकंदात चार-साडेचार पावलं या गतीने होतं. जितका वेग जास्त तितका भार जास्त, म्हणून ही दुखापत जास्त करून वेगवान मुलांनाच गाठते. एकदा फाटलेला स्नायू घाईने मैदानावर आणला तर पुन्हा त्याच जागी फाटण्याची शक्यता मोठी असते. त्याला विश्रांती लागते, क्रमाक्रमाने वाढवलेला भार लागतो आणि ‘अजून पंधरा दिवस थांब’ असं म्हणणारा माणूस लागतो.

हा माणूस होण्यात मी एकदा कमी पडलो आहे. सतरा वर्षांखालच्या गटातला माझा एक मुलगा एका दिवसात शंभर, दोनशे आणि रिले धावला. दोनशेनंतर तो मांडी चोळत होता. रिलेत शाळेची चषकाची आशा होती आणि मी त्याला उतरवलं. तिसऱ्या टप्प्यावर तो कोसळला. नंतर तो चालायला, पळायला लागला, पण ब्लॉकमध्ये बसला की त्याच्या चेहऱ्यावर जी शंका यायची ती कधी गेली नाही. मॅक्टियरबद्दल वाचताना मला तो चेहरा आठवतो.

तीन वाटा

ग्लान्स ऑबर्न विद्यापीठात होता. अमेरिकेतलं विद्यापीठ म्हणजे अशा मुलासाठी नुसतं शिक्षण नव्हे. खेळाच्या शिष्यवृत्तीत राहणं, जेवण, रोजचा प्रशिक्षक, दुखापतीवर लक्ष ठेवणारी माणसं, स्पर्धांचं वर्षभराचं वेळापत्रक आणि अभ्यासाची सक्ती हे सगळं एका छताखाली येतं. चार वर्षं मुलाच्या दिवसाला आकार राहतो. ग्लान्स त्यानंतरही धावत राहिला. १९८० च्या ऑलिंपिक संघात त्याने पुन्हा जागा मिळवली, पण अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला आणि ती संधी गेली. पुढे तो आधी ऑबर्नचा आणि मग अलाबामा विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला. ग्रेनाडाचा किरानी जेम्स त्याच्याच हाताखाली आला. तोही शाळेतच जगाला चकित केलेला मुलगा. २०११ मध्ये अठराव्या वर्षी तो चारशे मीटरचा विश्वविजेता झाला आणि पुढच्या वर्षी लंडनला त्याने आपल्या देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक जिंकलं, तेही सुवर्ण. विशीच्या आत प्रकाशात आलेल्या मुलाला कसं जपायचं हे ग्लान्सला पुस्तकातून शिकावं लागलं नसेल.

जोन्स टेक्सास विद्यापीठात गेला. तिथे संघात दोन जॉनी जोन्स झाले, एक लॅम्पाससचा आणि एक हॅम्लिनचा. गावांच्या नावांवरून एकाला ‘लॅम’ आणि दुसऱ्याला ‘हॅम’ म्हणायला लागले, आणि लॅम हे नाव त्याला जन्मभर चिकटलं. १९८० मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या निवडीत तो सबंध देशात दुसऱ्या क्रमांकावर उचलला गेला, न्यू यॉर्क जेट्सकडून. पैसा आला, नाव आलं. खेळ मात्र अपेक्षेएवढा फुलला नाही, आणि व्यसनांनी गाठलं. त्यातून तो बाहेर आला आणि आपल्या पडझडीबद्दल लोकांपुढे मोकळेपणाने बोलत राहिला. आपलं ऑलिंपिकचं सुवर्णपदक त्याने स्पेशल ऑलिंपिक्समधल्या एका खेळाडूला देऊन टाकलं. म्हणजे विद्यापीठाचं छत मिळालं म्हणून सगळं सुरळीत होतं असंही नाही. पण लॅमकडे पडल्यावर परतायला एक जागा होती. टेक्सासने, त्याच्या शाळेने आणि विद्यापीठाने त्याला आपला मानणं सोडलं नाही.

मॅक्टियर अशा चार वर्षांच्या विद्यापीठाच्या रंगात कधी धावला नाही. या एका वाक्यात मला प्रकरणाचा अर्धा उलगडा दिसतो.

अलीच्या नावाचा क्लब

त्या काळचे हौशीपणाचे नियम आज कुणाला सांगितले तर खरे वाटत नाहीत. धावण्याबद्दल पैसे घेतले की ऑलिंपिक बंद. जाहिरात केली की बंद. पैसे उघडपणे घ्यायची सोय १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली, तीही खेळाडूच्या नावाने विश्वस्त निधी उघडून. तोपर्यंत गरीब घरातल्या मुलाला तीन कायदेशीर मार्ग होते: विद्यापीठाची शिष्यवृत्ती, लष्कर किंवा एखादी समजूतदार नोकरी. चौथा मार्ग टेबलाखालचा होता आणि तो सगळ्यांना माहीत होता.

मॅक्टियरच्या घरची परिस्थिती वाचून मुहम्मद अली हेलावला. त्या कुटुंबाच्या राहण्याची नीट सोय व्हावी म्हणून त्याने मदत केली. अलीच्या मनाचा मोठेपणा मला इथे अजिबात कमी लेखायचा नाही. मिलिगनच्या त्या घरात कुणीतरी लक्ष घालायलाच हवं होतं, आणि जे राज्याने केलं नाही ते एका मुष्टियोद्ध्याने केलं. सांता मोनिकामध्ये अलीच्या नावाने ट्रॅक क्लब निघाला आणि मॅक्टियर फ्लोरिडातून कॅलिफोर्नियात गेला.

तो क्लब चालवणारा माणूस म्हणजे हॅरॉल्ड स्मिथ. हे नाव त्याने घेतलेलं होतं, खरं नाव रॉस फील्ड्स. मुष्टियुद्धाच्या लढती भरवणं आणि ट्रॅकच्या स्पर्धा घेणं हा त्याचा उद्योग होता, आणि पैशाची त्याला कधी ददात नसायची. तो पैसा कुठून यायचा हे १९८१ मध्ये उघडकीला आलं. वेल्स फार्गो बँकेतून २ कोटी १३ लाख डॉलरची अफरातफर झाली होती. अलीचा या प्रकाराशी संबंध नव्हता, त्याचं नुसतं नाव वापरलं गेलं होतं. १९८२ मध्ये स्मिथ दोषी ठरला आणि तुरुंगात गेला.

क्लबच्या त्या पहिल्या वर्षांत मॅक्टियर धावला, आणि जबरदस्त धावला. जानेवारी १९७८ मध्ये लाँग बीचला त्याने ६० मीटर ६.५४ सेकंदांत काढले. तेव्हा बंदिस्त मैदानावर इलेक्ट्रॉनिक घड्याळाखाली इतक्या वेगाने कुणी धावलं नव्हतं. साठ मीटर ही शर्यत त्याच्या शरीरासाठीच बनवलेली वाटते. सुटण्याचा स्फोट आणि पहिल्या पन्नास मीटरांतली चढती गती ही त्याची ताकद. शंभर मीटरमध्ये साठ-सत्तरच्या पुढे सहसा कुणाचाच वेग वाढत नाही. तिथे फक्त तो टिकवायचा असतो, आणि त्या टिकवण्यासाठी वर्षानुवर्षांचं शिस्तबद्ध काम लागतं. मॅक्टियरचा खजिना पहिल्या साठ मीटरांतला होता. पुढच्या चाळीस मीटरांची मशागत करायला जो काळ आणि जी माणसं हवी होती, ती त्याच्या वाट्याला सलग कधी आली नाहीत. दुखापती परत परत येत गेल्या.

क्लबमधल्या लोकांना दोष देऊन मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. स्पर्धा मिळत होत्या, हातात पैसे होते, सोबत नावाजलेले धावपटू होते. पण क्लब आणि विद्यापीठ यांच्यात एक मूलभूत फरक आहे. क्लबला तुम्ही धावत असेपर्यंत हवे असता. एकोणिसाव्या वर्षी रानातल्या खेड्यातून लॉस एंजेलिसच्या झगमगाटात आलेल्या मुलाला संध्याकाळी काय करायचं, पैसे कुठे ठेवायचे, कुणाला नाही म्हणायचं, हे रोज सांगणारं माणूस लागतं. ते प्रशिक्षकाच्या कामात लिहिलेलं नसतं. आमच्याकडे जुने पीटीचे सर ते करायचे. मुलगा शाळेत आला नाही तर सायकल काढून त्याच्या घरी जायचे. विलोबींच्या शाळेत मॅक्टियरला ते मिळालं असावं. सांता मोनिकात त्याच्या दारात सायकल घेऊन कोण जाणार होतं?

किनारा

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण ती रंगवून सांगण्यात मला बरं वाटत नाही. कोकेन आलं. धावणं सुटलं. क्लब संपला, त्याभोवतीची माणसं पांगली. १९८० च्या दशकात मॅक्टियर सांता मोनिकाच्या रस्त्यांवर आणि किनाऱ्यावर राहत होता. १९८४ चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला, तिथून हाकेच्या अंतरावर झालं. कार्ल लुईसने चार सुवर्णं जिंकली. मॅक्टियर तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. वेगवान धावपटूच्या आयुष्यात हे भरात असण्याचं वय.

स्टॉकहोम

त्याला बाहेर काढण्यात सर्वांत मोठा हात लिंडा हॅग्लंडचा. ती स्वीडनची. १९७२, १९७६ आणि १९८० अशा तीन ऑलिंपिकमध्ये धावलेली, १९७८ च्या युरोपीय स्पर्धेत शंभर मीटरमध्ये रौप्य जिंकलेली, मॉस्कोच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरला चौथी. १९८१ मध्ये ती उत्तेजक चाचणीत सापडली आणि तिच्यावर बंदी आली. एकाएकी टाळ्या थांबल्यावर कसं वाटतं हे तिला माहीत होतं. मॅक्टियरमध्ये तिने काय पाहिलं ते तिचं तिला ठाऊक, पण जवळच्या माणसांनी आशा सोडल्यावर तिने ती धरून ठेवली.

ती त्याला स्वीडनला घेऊन गेली. दोघांनी लग्न केलं. तिशी ओलांडलेला मॅक्टियर व्यसनातून सुटून पुन्हा ट्रॅकवर उतरला आणि इनडोअर शर्यतींत तरुणांच्या बरोबरीने धावला. मधल्या वर्षांत शरीराचे इतके हाल झाले होते, तरी साठ मीटरचा तो स्फोट अंगात शिल्लक होता हे वाचून मी थक्क झालो. पुढे स्टॉकहोममध्येच तो राहिला आणि तिथल्या मुलांना धावायला शिकवू लागला.

मला या प्रकरणातलं हे पान सर्वांत महत्त्वाचं वाटतं. इंग्रजीत मॅक्टियरबद्दल जे लिहिलं जातं त्यात झोपडी, नऊ सेकंद आणि किनारा एवढंच ठळक असतं, आणि स्वीडनची दोन दशकांहून जास्त वर्षं एखाद्या परिच्छेदात उरकली जातात. पण माणूस तिथे जगला. सकाळी उठून कामाला गेला, मुलांना ब्लॉकमध्ये पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं. ‘वाया गेलेला धावपटू’ असं त्याला म्हणताना ही वर्षं कुठे धरायची?

काय वेगळं झालं असतं

मला लोक विचारतात, की हॅमस्ट्रिंग फाटला नसता तर? तर माँट्रियलला रिलेचं सुवर्ण त्याच्या गळ्यात असतं, हे जवळजवळ नक्की. शंभर मीटरमध्ये पदकाच्या आसपास तो होता. पण गळ्यात सुवर्ण असूनही लॅम जोन्स व्यसनाच्या खाईत गेलाच होता. त्यामुळे एका स्नायूवर मी सगळं ढकलणार नाही.

गरिबीमुळे? ग्लान्स काही श्रीमंत घरातला नव्हता. स्वभावामुळे? एकोणीस वर्षांच्या पोराचा स्वभाव म्हणजे त्याच्या भोवतालचाच स्वभाव.

माझं बोट पुन्हा पुन्हा १९७६ ते १९८० या चार वर्षांवर जातं. शाळा संपते आणि खेळातलं पूर्ण वय सुरू व्हायचं असतं, तो हा काळ. शाळेत असताना मुलावर पन्नास डोळे असतात. तेविसाव्या वर्षी जम बसला की त्याचा तो सावरतो. मधली चार वर्षं उघड्या रानासारखी. आमच्याकडेही मी हेच पाहतो. एकोणीस वर्षांखालच्या गटात राज्यस्तरावर चमकलेली मुलं बारावीनंतर दिसेनाशी होतात. कुणी पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करतं, कुणी शेतात परततं, कुणी शहरात डिलिव्हरीच्या गाडीवर बसतं. नोकरी धरणाऱ्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, पोट आधी भरायचं असतं. पण दुखणारी मांडी घेऊन तो नेमका कुणाकडे जातो, हे मी हल्ली प्रत्येक मुलाला जाताना विचारतो आणि माझा नंबर त्याच्या आईच्या मोबाइलमध्ये टाकून देतो.

आणखी एक गोष्ट मी बदलली आहे. शाळेतल्या मुलाचं टायमिंग आता मी वर्तमानपत्राला कळवत नाही. मॅक्टियरचं नऊ सेकंद देशभर छापून आलं तेव्हा त्याच्या घरापर्यंत पोचलेल्या माणसांत त्याच्या मांडीची, वह्यांची किंवा जेवणाची चौकशी करणारे थोडे आणि त्याचा वेग कुठेतरी लावू पाहणारे पुष्कळ होते. बातमी छापून आल्याने मुलाला आनंद होतो हे मला मान्य आहे. काही पालक यावरून माझ्यावर रागावलेही आहेत.

ह्यूस्टन मॅक्टियर १ नोव्हेंबर २०१५ ला स्टॉकहोममध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, अठ्ठावन्न वर्षांचा होऊन. वीस दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, लिंडा हॅग्लंडही कर्करोगानेच गेली. लॅम जोन्स मार्च २०१९ मध्ये गेला, हार्वे ग्लान्स जून २०२३ मध्ये. यूजीनच्या त्या अंतिम फेरीतले पहिले तिघेही आता नाहीत. बेकरची शाळा आहे. तिथली मुलं आता मीटरमध्ये धावतात.